घरचा संग्रह टीव्हीवर आणण्यासाठी मराठीतून पद्धतशीर मार्गदर्शन हवे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुंबईतल्या बहुतेक मराठी घरांत आता स्मार्ट टीव्ही आहे, आणि त्याच घरांत कपाटाच्या वरच्या खणात नाटकांच्या व्हीसीडी, चित्रपटांच्या डीव्हीडी, लग्नामुंजीच्या चित्रफिती आणि फोटोंनी भरलेली एखादी हार्ड डिस्कही आहे. या दोहोंची गाठ मात्र पडत नाही. डीव्हीडी प्लेअर बंद पडलेला असतो, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोय नसते, आणि हार्ड डिस्क टीव्हीच्या मागे लावली तर पडद्यावर फायलींची एक अर्थहीन यादी उमटते, तीत नेमके काय हवे ते सापडत नाही. पैसे मोजून घेतलेला, जपून ठेवलेला संग्रह असा घरातच हरवतो. हे टाळण्याची साधने विनामूल्य उपलब्ध आहेत, मात्र ती कशी वापरावीत हे मराठीतून नीट सांगणारे लेखन फारच थोडे आहे. आपल्या वृत्तपत्राने हे काम हाती घ्यावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी अनेक वर्षे ग्रंथालयात नोंदणीचे आणि वर्गीकरणाचे काम केले. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतल्या आणि नात्यातल्या काही घरांत मीडिया सेंटर बसवून देण्याचे काम आवडीने करते. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. नवशिक्या माणूस सॉफ्टवेअरमुळे अडत नाही, अव्यवस्थित संग्रहामुळे अडतो. बहुतेक जण आधी टीव्हीला जोडायची पेटी विकत घेतात, मग सॉफ्टवेअर बसवतात आणि शेवटी फायलींकडे वळतात. हा क्रम उलटा केला तर निम्म्याहून अधिक अडचणी उद्भवतच नाहीत.

मीडिया सेंटर म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. आपल्याजवळच्या चित्रपटांच्या, मालिकांच्या, गाण्यांच्या आणि फोटोंच्या फायली वाचून, त्यांची सचित्र सूची तयार करून, रिमोटने निवडता येईल अशा रीतीने टीव्हीच्या पडद्यावर मांडणारे हे सॉफ्टवेअर असते. ते स्वतः एकही चित्रपट पुरवत नाही. या प्रकारातले सर्वांत परिचित नाव कोडी. २००२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चित्रफिती पाहता याव्यात म्हणून काही हौशी प्रोग्रामरांनी ते सुरू केले, पुढे ते एक्सबीएमसी या नावाने ओळखले गेले आणि २०१४ मध्ये चौदाव्या आवृत्तीपासून त्याचे नाव कोडी झाले. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता कोणालाही पाहता आणि बदलता येते, आणि एक ना-नफा संस्था ते सांभाळते. प्लेक्स हे त्याच मुळातून फुटून वेगळे झालेले, आता व्यावसायिक स्वरूपाचे सॉफ्टवेअर आहे. घराबाहेरून आपला संग्रह पाहण्याच्या सोयीसाठी त्याने एप्रिल २०२५ पासून शुल्क आकारायला सुरुवात केली. तिसरे जेलिफिन. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरचा स्रोत २०१८ मध्ये बंद करण्यात आला, तेव्हा त्याच्या खुल्या आवृत्तीवरून स्वयंसेवकांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात जेलिफिन उभे केले. तेही पूर्णपणे विनामूल्य आहे.

निवड करताना एकच प्रश्न विचारावा: घरात टीव्ही किती? एकच टीव्ही असेल आणि हार्ड डिस्क त्याच्याजवळच राहणार असेल, तर कोडी पुरेसे आहे. ते स्वतःच फाइल उघडते आणि स्वतःच दाखवते. दिवाणखान्यात एक टीव्ही, आतल्या खोलीत दुसरा, शिवाय आजीच्या टॅबवर कीर्तने आणि नातवाच्या फोनवर कार्टून अशी गरज असेल, तर जेलिफिन घ्यावे. ते एका संगणकावर बसते, तिथून सर्व उपकरणांना पुरवठा करते आणि प्रत्येकासाठी वेगळे खाते ठेवते. त्यामुळे एकाने अर्ध्यावर सोडलेले नाटक दुसऱ्याच्या खात्यात मिसळत नाही, आणि मुलांच्या खात्यात काय दिसावे यावर मर्यादा घालता येते. दोन्हींना आपला संग्रह दाखवण्यासाठी इंटरनेट लागत नाही, हा मुंबईच्या पावसाळ्यात फार मोठा गुण आहे.

यासाठी नवे यंत्र विकत घेण्याची गरज क्वचितच पडते. टीव्ही गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही प्रणालीचा असेल तर कोडी आणि जेलिफिनचे अ‍ॅप दोन्ही प्ले स्टोअरमधून थेट मिळतात. नसेल, तर घरात पडून असलेला जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे असे कित्येक लॅपटॉप निकामी समजून भंगारात जातील. त्यांच्यावर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली बसवून जेलिफिन चालवता येते, किंवा लिब्रेइलेक ही केवळ कोडीपुरती बनवलेली छोटी प्रणाली बसवता येते. लिब्रेइलेक यंत्रावर कायमची बसवताना निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, म्हणून लॅपटॉपमधले फोटो आधी काढून घ्यावेत. विजेची चिंता करणाऱ्यांसाठी हिशेब असा की वीस वॉट खाणारा लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला साधारण १४ ते १५ युनिट होतात, आणि पाहायच्या वेळीच चालू केला तर त्याहून पुष्कळ कमी.

इथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. लॅमिंग्टन रोडवरच्या काही दुकानांपासून ऑनलाइन बाजारापर्यंत सर्वत्र 'सगळे चॅनेल, सगळे चित्रपट, जन्मभर फुकट' असे सांगून अनोळखी नावाच्या अँड्रॉइड पेट्या विकल्या जातात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना सर्रास 'कोडी बॉक्स' म्हटले जाते. कोडीच्या चमूने अशा विक्रेत्यांशी आपला काहीही संबंध नसल्याचे वारंवार जाहीर केलेले आहे. या पेट्यांत चोरीच्या प्रसारणाचे दुवे भरलेले असतात, हा झाला कायद्याचा प्रश्न. त्याहून गंभीर गोष्ट अशी की स्वस्तातल्या अनेक पेट्यांत कारखान्यातूनच घातक प्रोग्राम बसवून येतात, आणि ते घरातल्या इंटरनेटचा वापर मालकाच्या नकळत फसवणुकीच्या कामांसाठी करू देतात. बॅडबॉक्स या नावाने हा प्रकार २०२३ मध्ये उघडकीस आला आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याच्या दुसऱ्या लाटेबद्दल जाहीर सूचना काढली. ज्या वाय-फायवर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच वाय-फायला अशी पेटी जोडणे हा धोका ज्येष्ठ नागरिकांना कोणी समजावून सांगत नाही. पेटी घ्यायचीच असेल तर प्रमाणित गूगल टीव्ही उपकरण किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्यावा, आणि कोडी त्याच्या अधिकृत ठिकाणाहून स्वतः बसवावे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे संग्रहाच्या मांडणीकडे वळते. ग्रंथालयात पुस्तके आली की आधी दाखल नोंद होते, मग वर्ग ठरतो आणि त्यानंतर पुस्तक फडताळात जाते. फायलींनाही हाच नियम लागू आहे. हार्ड डिस्कवर प्रथम पाच-सहा मोठे फोल्डर करावेत: चित्रपट, मालिका, नाटके, घरच्या चित्रफिती, संगीत आणि फोटो. प्रत्येक चित्रपटाला स्वतःचा वेगळा फोल्डर द्यावा आणि त्याचे नाव चित्रपटाचे नाव व कंसात प्रदर्शनाचे वर्ष असे ठेवावे. आतल्या फाइलचे नावही तेच असावे. वर्ष लिहायला पुष्कळ जण कंटाळतात. पण एकाच नावाचे दोन-तीन चित्रपट वेगवेगळ्या काळात आलेले असतात, आणि वर्ष नसेल तर सॉफ्टवेअर त्यांतला भलताच निवडते. मालिकांच्या भागांसाठी फाइलच्या नावात इंग्रजी 'एस' अक्षर व पर्वाचा क्रमांक आणि लगेच इंग्रजी 'ई' अक्षर व भागाचा क्रमांक, तेही प्रत्येकी दोन आकडी, असे जोडून लिहिले की पहिल्या पर्वाचा बारावा भाग बरोबर आपल्या जागी बसतो. हे आकडे इंग्रजी अंकांतच लिहावेत.

अशी नावे दिली की कोडी आणि जेलिफिन द मूव्ही डेटाबेस या लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या माहितीकोशातून चित्रपटाचे भित्तिपत्र, कलावंतांची नावे आणि कथासार आपोआप आणतात. कोडीमध्ये 'व्हिडिओज'मधून 'फाइल्स' आणि तिथून 'अ‍ॅड व्हिडिओज' असे जाऊन फोल्डर निवडायचा आणि त्यात चित्रपट आहेत की मालिका, ते सांगायचे. जेलिफिन बसवल्यावर त्याच संगणकावरच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता उघडला की पहिल्याच वेळी भाषा, खाते आणि फोल्डर विचारणारी प्रश्नावली समोर येते. प्रत्येक फोल्डरचा प्रकार तिथेच ठरवायचा असतो. भारतातल्या काही इंटरनेट सेवांवर या माहितीकोशाचा पत्ता उघडत नाही आणि सर्व चित्रपट कोऱ्या चौकटींनी दिसतात. अशा वेळी फायली पुन्हा पुन्हा तपासत बसू नये, राउटरमध्ये किंवा त्या यंत्राच्या नेटवर्कच्या मांडणीत (सेटिंग्जमध्ये) डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलून पाहावा.

घरच्या चित्रफितींचा फोल्डर जोडताना मात्र 'चित्रपट' हा प्रकार कदापि निवडू नये. तसे केले की सॉफ्टवेअर बहिणीच्या लग्नाच्या चित्रफितीला कुठल्यातरी परदेशी चित्रपटाचे नाव आणि भित्तिपत्र चिकटवते, आणि घरातले लोक फाइल हरवली असे समजून घाबरतात. कोडीत अशा फोल्डरसाठी 'नन' आणि जेलिफिनमध्ये 'होम व्हिडिओज अँड फोटोज' हा प्रकार आहे. फाइलच्या नावाची सुरुवात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने करावी आणि पुढे प्रसंग लिहावा. म्हणजे चित्रफिती आपोआप कालानुक्रमे लागतात.

खरा प्रश्न आपल्या नाटकांचा आहे, आणि या पत्रामागची माझी तळमळ मुख्यतः त्यासाठीच आहे. मराठी घरांतल्या संग्रहाचा गाभा म्हणजे रंगभूमीच्या व्हीसीडी. एका व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटांचे चित्रण मावते, म्हणून दोन अंकी नाटक दोन चकत्यांवर आणि मोठे नाटक तीन चकत्यांवर येत असे. या चकत्या संगणकात घातल्या की 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' प्रकारच्या फायली दिसतात. त्या वेळीच हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण चकतीच्या वरच्या थराला ओरखडा किंवा दमटपणा लागला की तो भाग पुन्हा वाचता येत नाही, आणि मुंबईच्या हवेत हे लवकर घडते. चित्राचा आकार ३५२ गुणिले २८८ एवढाच असल्याने मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणारच. फाइलचे रूपांतर करून ते सुधारत नाही, उलट प्रत्येक रूपांतरात थोडे बिघडते, म्हणून मूळ प्रत तशीच ठेवावी. दोन चकत्यांच्या फायलींना एकच नाव देऊन शेवटी इंग्रजीत आडवी रेघ, 'सीडी' आणि १ किंवा २ असे लिहिले, तर कोडी त्यांना एकच नाटक समजते आणि पहिला भाग संपताच दुसरा सुरू करते. मध्यंतरात उठून चकती बदलण्याची गरज उरत नाही.

पण या नाटकांची माहिती जागतिक कोशांत सहसा तयार मिळत नाही. ती कोशकर्त्यांची चूक नाही. तो कोश चित्रपट आणि दूरचित्रवाणीचा आहे. नाटकाचे नाव, नाटककार, दिग्दर्शक, कलावंत, निर्माती संस्था, चित्रण कोणत्या वर्षीचे, हे सर्व आपणच लिहायचे आहे, आणि ते लिहिण्याची उत्तम सोय या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे. चित्रफितीच्या शेजारी त्याच नावाची, पण 'एनएफओ' प्रकारची एक साधी मजकुराची फाइल ठेवायची आणि ठरलेल्या खुणांमध्ये ही माहिती देवनागरीत भरायची. व्हीसीडीच्या वेष्टनाचे छायाचित्र इंग्रजीत 'पोस्टर' असे नाव देऊन त्याच फोल्डरमध्ये ठेवले की ते मुखपृष्ठ म्हणून दिसते. नाटकांसाठी कोडीत 'लोकल इन्फर्मेशन ओन्ली' हा पर्याय निवडावा, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर शोध घेत नाही आणि आपण लिहिलेलेच दाखवते. जेलिफिनमध्ये तर ही माहिती ब्राउझरमध्येच भरता येते, आणि जेलिफिनच्या 'लायब्ररी'च्या मांडणीत एनएफओचा पर्याय चालू ठेवला तर ती फाइलच्या शेजारीच जतन होते. शेजारी जतन होणे महत्त्वाचे आहे, कारण उद्या सॉफ्टवेअर बदलले किंवा लॅपटॉप बंद पडला तरी नोंदी संग्रहाबरोबर राहतात. ज्या घरात आजोबांना कोणत्या प्रयोगात कोणाची भूमिका होती हे अजून आठवते, त्या घरात हे काम आजच त्यांच्याजवळ बसून करावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

ही माहिती लिहिताना अक्षरांची एक तांत्रिक अडचण येते. विंडोजमधले जुने नोटपॅड मजकूर ज्या सांकेतिक पद्धतीत जतन करीत असे, तीत देवनागरीची प्रश्नचिन्हे होत. फाइल जतन करताना यूटीएफ-८ निवडावे, म्हणजे मजकूर सुरक्षित राहतो. जुन्या डीटीपी फॉन्टांत टंकलेला मजकूर तसाच चिकटवला तर पडद्यावर निरर्थक चिन्हे येतात, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. सबटायटलांनाही हेच लागू आहे: त्यांची 'एसआरटी' फाइल चित्रफितीच्याच नावाची आणि यूटीएफ-८ मध्ये असावी. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फाइल खराब नसते, निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. कोडीत रूपाच्या मांडणीत 'एरियल बेस्ड' हा पर्याय निवडून पाहावा. सबटायटलांसाठी आपल्या पसंतीचा फॉन्टही ठेवता येतो, आणि मुंबईतल्याच 'एक टाइप' या संस्थेने तयार केलेला 'मुक्ता' हा विनामूल्य देवनागरी फॉन्ट दुरूनही स्वच्छ वाचता येतो. जोडाक्षरे तुटलेली दिसत असतील तर कोडीची आवृत्ती फार जुनी नाही ना, ते तपासावे.

संग्रह संगणकावर आणि टीव्ही दुसऱ्या खोलीत असेल, तर विंडोजवरचा फोल्डर 'शेअर' करावा लागतो, आणि इथे नवशिके हमखास थकतात. कोडीत नेटवर्क उघडले तर संगणक दिसतच नाही. कारण असे की २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० मध्ये नेटवर्कवरून फायली देण्याची जुनी, असुरक्षित एसएमबी पद्धत मुळातच बसवली जात नाही, आणि संगणकांची यादी त्या जुन्या पद्धतीवर अवलंबून होती. ती पद्धत पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. कोडीत 'अ‍ॅड नेटवर्क लोकेशन' निवडून संगणकाचा पत्ता, फोल्डरचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड हाताने भरावा. संगणक उघडताना आपण जो चार आकडी पिन टाकतो तो इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. त्यामुळे केवळ टीव्हीसाठी एक वेगळे, साधे खाते विंडोजमध्ये तयार करणे सर्वांत सोयीचे आणि सुरक्षितही.

आवाजाबद्दलची तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते: संवाद ऐकू येत नाहीत आणि पार्श्वसंगीत मात्र कानठळ्या बसवते. याचे कारण बहुधा यंत्रात नसते. चित्रपटाच्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांसाठीच्या) ध्वनिमुद्रणात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे पाठवलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असताना कोडीच्या ध्वनीच्या मांडणीत ५.१ निवडलेले असले, तर मधल्या स्पीकरचा आवाज कुठेच पोहोचत नाही किंवा फार क्षीण पोहोचतो. तिथे २.० निवडले की संवाद दोन्ही स्पीकरांत वाटले जातात. खरोखरीचे होम थिएटर असेल तर मात्र 'पासथ्रू' चालू करावे, म्हणजे ध्वनी न उलगडता तसाच अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. जुन्या होम थिएटरला एचडीएमआय नसेल तरी ऑप्टिकल केबलने डॉल्बी डिजिटल ५.१ नीट जाते, त्यामुळे चांगल्या स्थितीतला जुना संच टाकून देण्याचे कारण नाही.

चित्राबद्दल एवढेच सांगते की भारतात विकल्या गेलेल्या कित्येक डीव्हीडी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या आहेत आणि टीव्हीला मिळणारे चित्र बहुधा ६० हर्ट्झचे असते. त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र किंचित अडखळते. कोडीच्या 'प्लेअर'च्या मांडणीत पडद्याची गती चित्रफितीनुसार बदलण्याचा पर्याय आहे, तो मुळात बंद असतो. तो चालू करावा.

रिमोटचा प्रश्नही सुटण्याजोगा आहे. रास्पबेरी पायसारखे यंत्र एचडीएमआयने जोडले तर टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालते. ही सोय सीईसी या नावाची असून टीव्हीच्या मांडणीत ती सॅमसंगमध्ये 'एनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिम्पलिंक' आणि सोनीमध्ये 'ब्राव्हिया सिंक' या नावाने सापडते. लॅपटॉपमध्ये ती सहसा नसते, तेव्हा कोडीच्याच चमूचे 'कोर' हे अ‍ॅप अँड्रॉइड फोनवर घेऊन फोनचा रिमोट करता येतो. ज्येष्ठांना फोनवरचा रिमोट अवघड वाटतो, हे मी पाहते. त्यांच्यासाठी रास्पबेरी पायचा खर्च करणे योग्य ठरते.

व्हीएचएस कॅसेटींची निकड सर्वांत जास्त आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू स्थितीतली यंत्रे दरवर्षी कमीच होणार. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट घरच्या यंत्रात घालू नये. फीत तुटते आणि यंत्राचे शीर्षही खराब होते. हे काम जाणत्या स्टुडिओकडे द्यावे, आणि डीव्हीडी न मागता हार्ड डिस्कवर फाइल मागावी.

एवढी मेहनत केल्यावर संग्रहाची एकच प्रत ठेवणे परवडणारे नाही. हार्ड डिस्क पूर्वसूचना न देता बंद पडते. निदान घरच्या चित्रफिती, फोटो आणि एनएफओ फायली यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीत तयार करावी, कारण फॅट-३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

कायद्याची बाजूही वाचकांसमोर यायला हवी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराला मुभा आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्यास शिक्षा सांगते. आपण विकत घेतलेल्या चकत्या आपल्या घरात पाहणे आणि त्या उतरवून इतरांना वाटणे, या दोन गोष्टी सर्वस्वी भिन्न आहेत. नाटकाच्या निर्मात्याला आणि कलावंतांना त्यांच्या कामाचे मोल मिळाले पाहिजे, म्हणून मी ज्यांच्या घरी ही मांडणी करून देते त्यांना संग्रह मित्रमंडळींत फिरवू नका, असे आवर्जून सांगते. त्याच कारणास्तव, आणि सुरक्षिततेसाठीही, राउटरचे दार बाहेरच्या जगाला उघडून जेलिफिन इंटरनेटवर ठेवू नये.

महोदय, आपल्या वृत्तपत्राच्या तंत्रज्ञानविषयक पानावर नव्या फोनांची ओळख नियमितपणे येते. त्याच पानावर काही आठवडे या विषयाची लेखमाला चालवावी. पहिला लेख संग्रहाच्या मांडणीवर असावा, सॉफ्टवेअर बसवणे त्यानंतर यावे, आणि नाटकांच्या नोंदींसाठी एनएफओ फाइलचा एक भरलेला नमुना पूर्ण छापावा, म्हणजे वाचकाला तो पाहून आपला मजकूर भरता येईल. पडद्यावर जी इंग्रजी शब्दयोजना दिसते ती लेखात जशीच्या तशी उच्चारानुसार द्यावी आणि अर्थ मराठीत सांगावा. केवळ भाषांतरित नावे दिली तर वाचकाला पडद्यावर ती सापडत नाहीत. दादर, गिरगाव, पार्ले, मुलुंड, डोंबिवली येथील सार्वजनिक ग्रंथालयांनी आपल्या वाचकांसाठी महिन्यातून एक दुपार या कामाला दिली, तर लॅपटॉप घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांना तिथेच फोल्डर लावून देता येतील. नोंदणीचे कौशल्य ग्रंथालयांपाशी आहेच. द मूव्ही डेटाबेसमध्ये कोणालाही विनामूल्य खाते उघडून माहिती भरता येते, तेव्हा मराठी चित्रपटांची देवनागरी नावे आणि मराठी कथासार तिथे भरण्याचे आवाहनही या लेखमालेतून व्हावे. लेखमालेसाठी नमुना फायली, फोल्डरांचा आराखडा आणि वर सांगितलेल्या मांडण्यांची पडद्यावरची छायाचित्रे मी विनामोबदला तयार करून देईन, आणि वाचकांच्या प्रश्नांना आपल्यामार्फत उत्तरेही लिहीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
मुलुंड (पूर्व), मुंबई